वरची चार बोटे माती

मुंबईच्या मैदानांना पावसाळ्यात सुट्टी नसते. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८मध्ये सुरू झालेली क्रिकेट लीग मुद्दाम पावसाच्या दिवसांसाठीच आखलेली होती, आणि मैदानी फुटबॉललाही खरा रंग याच महिन्यांत चढतो. आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या इतक्या खेटून आहेत की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाजवळ उभा दिसतो. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या शहरात एकाच जमिनीवर दोन क्लब खेळू लागले की मैदानात तळे साचणार, आणि तळे साचले की दोन्हीकडच्या समित्यांना एकच उपाय सुचणार: खणा आणि पाईप टाका. माझे म्हणणे असे की पाईप हा शेवटचा उपाय आहे. पाणी बहुतेक वेळा वरच्या चार बोटे मातीत अडलेले असते, आणि ती माती पावसाने नव्हे तर खेळाच्या वेळापत्रकाने बिघडवलेली असते.

याची खात्री करायला यंत्र लागत नाही. साचलेल्या पाण्याच्या कडेला फावड्याने वीतभर खोल चौकोनी ढेकूळ काढावे. वर चिखल, त्याखाली विटेसारखा घट्ट थर, गवताची मुळे त्या थरापाशी आडवी वळलेली आणि त्याच्याही खाली माती भुसभुशीत, कधी कधी चक्क कोरडी. म्हणजे जमिनीच्या पोटात जागा आहे, वाट मात्र बंद आहे. माती राखाडी पडून तिला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिथे हवाही बरेच दिवस पोहोचलेली नाही असे समजावे. दुसरी परीक्षा बिनतळाच्या पत्र्याच्या डब्याची. तो जमिनीत ठोकून पाण्याने भरायचा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजायचे. गोलपोस्टसमोर आणि मैदानाच्या न तुडवलेल्या कोपऱ्यात, अशा दोन्ही ठिकाणी हे करून पाहावे. कोपऱ्यात पाणी उतरते आणि गोलसमोर हलत नाही, असे दिसले तर दोष मूळ जमिनीचा नाही.

हा थर तयार होतो ओल्या मातीवरच्या वजनाने. कोरड्या मातीचे कण भार पेलतात. ओले कण एकमेकांवरून घसरून मधल्या पोकळ्या बुजवतात. क्रिकेटची गरज इथे दुहेरी आहे. २२ यार्डांची पट्टी चिकणमातीची, रोलरने दाबलेली, पाणी बाजूला सारणारी हवी. भोवतालच्या आउटफिल्डने मात्र पाणी प्यायला हवे. पट्टीवरून उतरलेला रोलर ओल्या आउटफिल्डवरून ओढत नेला की पट्टीचा गुण तिथेही उतरतो. त्यावर संध्याकाळी फुटबॉलचे स्टड नाचले की उरलीसुरली भोकेही लिंपली जातात.

वाळू टाकली की भागेल, असे पुष्कळांना वाटते. चिकणमातीवर वाळूचा पातळ थर पसरला तर पाणी वाळूत झटकन शिरते आणि खालच्या मातीवर अडून राबडी होते. बारीक मातीखाली नुसती खडी भरूनही लगेच निचरा होत नाही: भिजलेला स्पंज पुरता भरेपर्यंत ठिबकत नाही, तशी वरची माती तुडुंब झाल्याशिवाय खडीला पाणी सोडत नाही. पाईपांची अडचण वेगळी. मुंबईत ते ज्या गटाराला जोडायचे, त्याचे तोंड समुद्राकडे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की तिथूनच पाणी मागे रेटते. मग बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमचे काय, असे कोणी विचारील. तिथे २०१७मध्ये जमिनीखालून पाणी ओढून घेणारी सबएअर यंत्रणा बसली आणि ती उत्तम चालते. पण तिथे आउटफिल्डच वाळूचे केले आहे. दाबल्या गेलेल्या चिकणमातीतून कोणताही पंप पाणी ओढू शकत नाही. उलट उदाहरण मिलानच्या सान सिरो या फुटबॉल स्टेडियमचे: तिथे १९४७पासून दोन क्लब नांदतात. १९९०च्या विश्वचषकासाठी तिसरा मजला आणि छप्पर चढले, हिरवळीचा उजेड आणि वारा अडला, आणि पुढे अनेक वर्षे तिथे गवतच पुन्हा पुन्हा बदलले जात राहिले. मूळ कारण तपासण्याआधी केलेला खर्च श्रीमंत क्लबांचाही वाया जातो.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात ओल्या दिवशी खेळ थांबवण्यापासून व्हावी. यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की सार्वजनिक मैदान बंद ठेवणे म्हणजे जिमखान्याचे सदस्यत्व न परवडणाऱ्या मुलांवर अन्याय. हा आक्षेप मला मनापासून पटतो, आणि म्हणूनच मी अर्ध्या दिवसाची बंदी मागतो: आज चिखलात रेटलेल्या एका सामन्यापायी तीच मुले पुढचे कित्येक आठवडे खेळाला मुकतात. खरी अडचण अशी की एका क्लबाने सामना रद्द केला तरी दुसरा खेळणारच, मग आपणच का थांबावे? या कोंडीत दोघेही समंजस असून मैदान मरते. तेव्हा निर्णय दोघांच्याही हातून काढून माळ्याकडे द्यावा. त्याचा पगार दोन्ही क्लबांच्या सामाईक खात्यातून निघावा, म्हणजे तो कोणा एकाचा नोकर राहणार नाही. आणि सकाळी त्याने मैदान बंद म्हटले की सचिवाचा फोनही चालू नये. पाऊस सरल्यावर, माती ओलसर पण घट्ट असताना, पोकळ दात्यांच्या यंत्राने भोके पाडून त्यांत जाडी वाळू भरावी, खळगे बुजवून मध्यापासून कडेकडे शंभरास एक असा उतार साधावा, आणि गोलपोस्ट दर काही आठवड्यांनी सरकवावेत. पुढच्या जुलैत डबा पुन्हा त्याच दोन जागी ठोकावा. तेव्हाही पाणी उतरले नाही, तरच पाईपांचे अंदाजपत्रक मागवावे.