जुना माल भंगारात घालण्याआधी

शेतकरी बंधूंनो, लिलाव आपल्याला नवा नाही. बाजार समितीत कांद्याची बोली कशी चढते, हे आपण पाहतोच. माल डोळ्यांसमोर आणि बोली उघड, हेच लिलावाचे बळ.

याच बळावर जुन्या वस्तूंची लिलावघरे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. लंडनचे सोदबीज १७४४ साली पुस्तकांच्या विक्रीतून सुरू झाले, ख्रिस्तीज १७६६ साली. कोलकात्याचे रसेल एक्सचेंज १९४० चे. साहेब लोकांच्या बंगल्यांतली कपाटे, टेबले, घड्याळे तिथे बोलीने विकली गेली. रीत अशी की माल आधी मांडून ठेवायचा, गिऱ्हाइकाने उलटापालटा करून बघायचा आणि मगच बोली लावायची.

आपल्याकडे मात्र वाडा पाडला की सागाच्या तुळया मातीमोल जातात. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ किलोवर विकले जाते. लोखंडी नांगराचेही तेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक तो घेईनात. आज तोच आपण मोडीत घालतो! अहो, फाळ झिजला तर फाळ बदला, अख्खा नांगर कशाला मोडता?

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. जुन्या शाळेचे किंवा पाणी योजनेचे सामान निर्लेखित करताना सगळ्याचा एकच ढीग करू नका. लाकूड, पत्रे, पाइप, मोटार वेगवेगळे मांडा. प्रत्येकाची किमान किंमत ठरवा. नोटीस लावा, दवंडी द्या, माल बघायला दोन दिवस ठेवा. चांगली चौकट भंगाराच्या भावात गेली, तर तोटा गावाचाच.

घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. जुन्या ट्रॅक्टरवर नवा रंग बघून भुलू नका. इंजिन थंड असताना सुरू करून बघा. धूर, ऑइलची गळती, हायड्रॉलिकची उचल तपासा. सोबत ओळखीचा मिस्त्री न्या. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, ते पाहा. जाहीर लिलावात घेतलेले वाहन नावावर करायला आरटीओत ३२ नंबरचा फॉर्म लागतो, ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत तो भरा.

जुने म्हणजे टाकाऊ नव्हे. दमदार वस्तू दुसऱ्याच्या शेतात अजून वीस वर्षे चालेल. मात्र विकताना उघड बोली आणि घेताना पक्के कागद, एवढे सोडू नका.