सेकंडहँड रॉकेट, फर्स्टहँड शहाणपण

जुनी ‘हॉट हॅच’ घेतलीय आणि मॉडिफिकेशनसाठी हात शिवशिवताहेत? मग सायलेन्सरवाल्याला फोन लावण्याआधी हे वाचा. साठ हजारांचं बजेट, मुलुंड-अंधेरीचा रोजचा रस्ता आणि पावसाळ्यातल्या एका सकाळचा धडा...

गाडी दारात आली तेव्हा आईची पहिली प्रतिक्रिया होती, “लाल? आणि तीही जुनी?” बाबांनी विचारलं, “अॅव्हरेज किती देते?” आणि अंधेरीच्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या माझ्या मित्राने व्हॉट्सअॅपवर एकच ओळ पाठवली, “रिमॅप कधी करतेयस?”

खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात तेच होतं. फ्रीलान्स पत्रकाराच्या खात्यात पैसे येतात ते लोकल गर्दीतून वाट काढत येते तसे, थांबत थांबत! त्यातून चार वर्षं साठवून मी २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेतली, सव्वाचार लाखांना. वर साठ हजार खास ‘गाडीच्या शृंगारासाठी’ बाजूला ठेवले होते. यादीही तयार होती : रिमॅपिंग, मोठा सायलेन्सर, लोअरिंग स्प्रिंग. त्यातलं एकही काम मी केलं नाही. का, ते सांगते.

हॉट हॅच म्हणजे काय रे भाऊ?

दिसायला साधी, आकाराने छोटी, पण इंजिन मात्र तिखट, अशी गाडी म्हणजे हॉट हॅच. सोमवारी डबा घेऊन ऑफिसला नेते आणि रविवारी लोणावळ्याच्या घाटात चेहऱ्यावर हसू आणते. आपल्याकडे हे वेड पसरवलं ते २००१ मध्ये आलेल्या फियाट पॅलिओच्या १.६ मॉडेलने. मग २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली, २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो, २०१७ मध्ये बलेनो आरएस आणि २०१८ मध्ये टाटाची टियागो जेटीपी. गंमत म्हणजे पोलो पुण्याजवळच्या चाकणला बनायची आणि पुंटो रांजणगावला. म्हणजे पक्क्या आपल्या मातीतल्या!

दुर्दैव असं, की यातली एकही आता नवीन मिळत नाही. पोलोनेही २०२२ मध्ये निरोप घेतला. म्हणजे घ्यायची तर सेकंडहँडच. जीटी टीएसआयचं इंजिन जेमतेम १.२ लिटरचं, पण टर्बोमुळे १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. त्याच काळातली साधी पेट्रोल पोलो ७५ अश्वशक्तीवर थांबायची. फरक कळला ना?

आणि मग जेव्हीएलआर...

जुलैची सकाळ. आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे अंधेरीला न्यायचं होतं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईच्या पुढे पाऊस झोडपत होता. वेग फार तर चाळीस. पुढच्या बसने अचानक ब्रेक मारला, मीही मारला. पायाखाली एबीएसची थरथर जाणवली, पण गाडी थांबायचं नाव घेईना. सरकतच राहिली! बसच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबली. आईने दाराच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. ती काहीच बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

परतताना घाटकोपरला आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गेले. काका खाली वाकले, टायरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ताई, हा नंबर वाचा.” २२१८. म्हणजे २०१८ सालचा २२ वा आठवडा. टायर तेव्हा बनले होते! नक्षी छान शिल्लक होती, म्हणून गाडी घेताना मी खूश झाले होते. पण रबर इतकं कडक झालं होतं की नख रुतत नव्हतं. काका हात पुसत म्हणाले, “पळवणारं इंजिन तुमच्याकडे आहेच. आधी थांबवणारं सामान आणा.”

तिथेच माझी यादी उलटीपालटी झाली. नवशिक्यांसाठी तीच इथे देतेय, प्राधान्यक्रमानुसार.

१. टायर : सगळ्यात मोठं ‘अपग्रेड’

गाडी रस्त्याला चिकटते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. इंजिन, ब्रेक, एबीएस सगळं शेवटी त्या चार तुकड्यांच्या भरवशावर. माझ्या गाडीचा मूळ साइज १८५/६० आर १५. मी घेतले १९५/६० आर १५. थोडी जास्त रुंदी, रिम तेच. इथे एक साधा हिशेब लक्षात ठेवा. मूळ चाकाचा व्यास ६०३ मिलिमीटर, नव्याचा ६१५. फरक दोन टक्के. तीन टक्क्यांच्या आत राहिलात तर स्पीडोमीटर फार खोटं बोलत नाही आणि चाक कुठे घासत नाही. टायरवरचा लोड आणि स्पीडचा आकडा मात्र कंपनीने दिलाय त्यापेक्षा कमी नको.

मोठ्या अलॉय व्हीलचा मोह होईल. पण चाक मोठं झालं की टायरची भिंत पातळ होते, आणि पेव्हर ब्लॉकचा उखडलेला पॅच काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. पंधरा इंचांवर सुखी राहा.

आणि फुकटातलं अपग्रेड? आठवड्यातून एकदा थंड टायरमध्ये हवा तपासणं. स्टेपनीसकट!

२. ब्रेक : तेल बदललंत का?

गॅरेजच्या भाषेत ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेतं आणि मुंबईच्या हवेत ओलीला काय तोटा? नव्या डॉट-४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पुरेसं पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. घाट उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजसारखं दबतं. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदला.

मी पुढचे डिस्क आणि पॅड नवे टाकले, मागच्या ड्रमचे लायनर साफ करून घेतले. रेसिंग पॅड मागू नका. ते तापल्यावरच नीट धरतात आणि घाटकोपर स्टेशनच्या बाहेर ते तापणार कधी?

३. सस्पेन्शन : खाली नको, घट्ट हवं

आठ-दहा वर्षांच्या गाडीत रबरी बुश आणि लिंक रॉड थकलेले असतात. खड्ड्यात ‘टक-टक’ आवाज येतो तो त्यांचाच. ते बदलून अलाइनमेंट केलं की स्टिअरिंग पुन्हा नव्यासारखं बोलायला लागतं. शॉकअप गळत असतील तर जोडीने बदला, एकटा कधीच नको.

लोअरिंग स्प्रिंग फोटोत झकास दिसतात. पण बोरिवलीतल्या एका ओळखीच्या मुलाने गाडी खाली बसवली आणि आता सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर ती तिरकी घालतो, वॉचमनच्या देखरेखीखाली!

४. सर्व्हिस : सेक्सी नाही, पण खरी

इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं, नवे स्पार्क प्लग, एअर फिल्टर, कूलंट. गेलेली ताकद इथेच परत मिळते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुन्या गाडीतले इंधनाचे रबरी पाइपही एकदा बघून घ्या.

पोलो जीटीसारखा ड्राय क्लचचा सात स्पीड डीएसजी गिअरबॉक्स असेल तर आणखी एक. ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकू नका. तेव्हा आत क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. पुढे थोडी जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडून सरळ पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे!

५. दिसणं आणि ऐकणं

पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करा, रात्रीचा फरक बघून थक्क व्हाल. जास्त वॅटचे बल्ब मात्र नकोत. होल्डर वितळतो आणि समोरचा आंधळा होतो. नवे वायपर घ्या. पैसे उरले तर चांगले स्पीकर. इंजिनच्या ताकदीने शेजारी वैतागतात, तुमच्या गाण्यांनी निदान तुम्ही तरी खूश होता.

आणि ते एअर इनटेक? खाली बंपरमागे फिल्टर नेणारं किट मुंबईत घेऊ नका. अंधेरी सबवेत पाणी भरलं की तो फिल्टर स्ट्रॉसारखं पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, मग आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे साठ हजारही पुरणार नाहीत.

मग रिमॅपिंगचं काय?

मित्राचा प्रश्न चुकीचा नाही. टर्बो इंजिनात हवेचा दाब किती ठेवायचा ते ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्यातला प्रोग्रॅम बदलला की एकही पार्ट न लावता ताकद वाढते. डीएसजीचा हा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनलाय, म्हणजे वाव आहे. पण तो नव्या गिअरबॉक्सचा आकडा, मागच्या मालकाने दहा वर्षं वापरलेल्याचा नव्हे. प्लग, तेल, क्लच ठणठणीत असल्याशिवाय रिमॅप म्हणजे ताप असलेल्या माणसाला मॅरेथॉनला उभं करणं.

दुसरी बाजू कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कर्कश सायलेन्सरसाठी वेगळं कलम आहे. काळ्या फिल्मवर २०१२ पासून बंदी आहे. गाडीचा रंग बदललात तर आरसीवर नोंद हवी. आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल म्हणजे क्लेम नाकारायला तिला आयतं कारण. ज्या दिवशी गरज पडेल त्याच दिवशी हे कळतं.

माझं बिल

टायर चार, फिटिंगसकट : २८,०००
डिस्क, पॅड, ब्रेक ऑइल : ११,०००
बुश, लिंक रॉड, अलाइनमेंट : ९,०००
पूर्ण सर्व्हिस : ८,०००
हेडलाइट पॉलिश, वायपर : २,५००
एकूण : ५८,५००

उरलेल्या दीड हजारात पेट्रोल आणि वडापाव.

गाडी घेण्याआधी एवढं बघाच

* थकलेले ई-चलान ऑनलाइन तपासा. मागच्या मालकाची हौस तुमच्या गळ्यात नको.
* फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५.
* १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीय का?
* एअरबॅग आहेत का? २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले होते, असलेल्या पोलोला चार!
* आधीच मॉडिफाय केलेली गाडी असेल तर मूळ पार्ट मागून घ्या. नसतील तर भाव पाडा किंवा चालू पडा.
* टायरवरचा चार आकडी नंबर. हा मी विसरले होते, तुम्ही विसरू नका.

गणपतीला आम्ही चिपळूणला गेलो. कशेडीच्या अलीकडे पुन्हा तसाच पाऊस, पुढे तसाच अचानक थांबलेला ट्रक. मी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ, शांतपणे, बऱ्याच आधी थांबली. बाबा मागून म्हणाले, “हां, आता बरी थांबते.” मी आईकडे बघितलं. तिचे हात मांडीवर होते आणि ती गाढ झोपली होती.

मित्राचा मेसेज अजून येतो, “रिमॅप कधी?” मी तिचा तो झोपलेला फोटो पाठवते. पुढच्या वर्षी बघू. तोवर १०५ घोडे पुरेत.