शाळेतील कामांची वाटणी आणि लिंगभावाचा विचार

परिपाठाची घंटा होण्यापूर्वी खेड्यातील एखाद्या शाळेचे आवार पाहावे. मुली वर्ग झाडीत आहेत, पिण्याच्या पाण्याचे पिंप भरीत आहेत; मुलगे बाके सरकवून मैदानाकडे पळाले आहेत. ही वाटणी कोणी ठरविली, असे विचारल्यास बहुधा कोणासच उत्तर देता येत नाही. ती चालत आलेली असते. जे चालत आले ते निसर्गाने ठरविले की माणसाने, हा प्रश्न विचारणे हेच लिंगभावाच्या अभ्यासाचे मूळ होय.

स्त्री व पुरुष यांच्या शरीररचनेतील भेद निसर्गदत्त आहे. परंतु स्त्रीने भाकरी करावी व पुरुषाने हिशेब ठेवावा, मुलीने हळू बोलावे व मुलाने रडू नये, हे शरीराने सांगितलेले नाही. ते समाजाने शिकविलेले आहे. या शिकविलेल्या भागास 'लिंगभाव' म्हणतात. इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांनी 1972 साली ग्रंथरूपाने हा भेद विशद केला. तथापि हा विचार महाराष्ट्रास परका नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध करून, जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा रोखठोक सवाल केला होता.

निसर्गदत्त काय व शिकविलेले काय, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. जे देशकालपरत्वे बदलते ते निसर्गाचे नव्हे. याचे उदाहरण खुद्द शिक्षकाच्या व्यवसायातच सापडते. 1848 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा स्त्रीने शिकवावे हे अनेकांस अनर्थाचे वाटले. आज शिक्षिका नाही अशी शाळा पालकांसच अपुरी वाटते. मधल्या काळात स्त्रीचा स्वभाव बदलला नाही. समाजाची समजूत बदलली.

आता दैनंदिन जीवनाकडे वळू. केंद्र सरकारने 2019 साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. तीत सहा वर्षे व त्यावरील व्यक्तींचा विचार झाला. ज्या व्यक्ती घरातील विनामोबदला काम करतात, त्यांपैकी स्त्रियांचा त्यात दररोज सरासरी 299 मिनिटे, तर पुरुषांचा 97 मिनिटे वेळ जातो, असे आढळले. सहा वर्षे म्हणजे पहिलीच्या वर्गाचे वय, हे शिक्षकांनी ध्यानी घ्यावे. जी मुलगी रोज दहा मिनिटे उशिरा येते, तिने कदाचित त्यापूर्वी पाणी भरलेले असते, धाकट्या भावास न्हाऊ घातलेले असते. हजेरीपटावर उशीर तेवढा दिसतो, त्यामागील काम दिसत नाही. अशा मुलीस आळशी म्हणून वर्गाबाहेर उभे केले, तर घरी एकदा कामाचे ओझे वाहिलेली ती मुलगी शाळेत त्याचीच शिक्षा भोगते. पुढे तिची गैरहजेरी वाढते आणि एके दिवशी तिचे नाव पटावरून कमी होते.

हीच वाटणी शिक्षकांच्या खोलीतही आढळते. स्नेहसंमेलन, रांगोळी, पाहुण्यांचे स्वागत व चहा ही कामे शिक्षिकांकडे. बांधकाम, हिशेब व तालुक्याचा पत्रव्यवहार शिक्षकांकडे. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. परंतु ज्यास हिशेबाचा सराव मिळतो तोच पुढे मुख्याध्यापकपदास योग्य ठरतो, व जिला तो कधी दिलाच नाही तिला 'हे जमणार नाही' असे ऐकावे लागते. याउलट लहान मुलांत रमणाऱ्या एखाद्या गुरुजींस 'पहिलीचा वर्ग बाईंचा' म्हणून तो वर्ग मिळत नाही. हानी उभयतांची होते, व शेवटी ती मुलांची होते.

नोकरीच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा प्रश्नही येथेच येतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा 2013 साली झाला. ज्या शाळेत दहापेक्षा कमी कर्मचारी असल्याने अंतर्गत समिती नाही, तेथील स्त्रीस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत ती करावयाची असते. दोन शिक्षकी शाळेतील शिक्षिकेस ही माहिती असणे अगत्याचे आहे. तिच्या सहकाऱ्यासही असावी.

मग शिक्षकाने करावे काय? प्रथम एक आठवडाभर केवळ नोंद ठेवावी. झाडलोट, पाणी, फळा पुसणे, आज्ञा देणे, वर्गाचे प्रमुखपद यांपैकी कोणते काम किती मुलींनी व किती मुलग्यांनी केले. गणिताचा अवघड प्रश्न कितीदा कोणास विचारला. तोंडी उदाहरणांत बाजारहाट कोणी केला व स्वयंपाक कोणी केला, हे वहीत टिपावे. आकडे समोर आले म्हणजे उपदेशाची गरज उरत नाही. नंतर कामाची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावावी. शिक्षकांच्या खोलीतील कामेही दरवर्षी आलटून पालटून द्यावी.

'आमच्या मुलाच्या हाती केरसुणी का?' असे एखादा पालक विचारील. त्याच्याशी वाद घालू नये. गुरुजींनी स्वतः केरसुणी हाती घ्यावी. त्याहून समर्पक उत्तर नाही.

या कामी शिक्षक एकटा नाही. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पाठ्यपुस्तकांत घरकामात हातभार लावणाऱ्या पुरुषांची चित्रे घातली. 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे शासकीय दस्तऐवजांत आधी आईचे व मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. ही मुले शाळेत दाखल होतील तेव्हा आईचे नाव पटावर असेलच. त्या आईच्या मुलीच्या हाती केरसुणीइतक्याच सहजतेने खडू व हिशेबाची वही देणे, हे मात्र शिक्षकाच्याच हाती आहे.