मधपेट्यांच्या खोलींतील उंदीर कसा ओळखावा

जांभळाचा मध काढून झाला आणि पावसाचे ढग जमूं लागले, म्हणजे मधपाळ बांधव रिकाम्या मधकोठ्या उतरवून पडवींत, माळ्यावर किंवा अवजारांच्या खोपींत रचून ठेवितात. मग चार महिने तिकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. महाबळेश्वरच्या डोंगरांत व कोंकणांत सातेरी माशी पाळणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांची हीच रीत आहे. शेतांतील बिळांत पाणी शिरलें कीं उंदीर घराकडे वळतो, आणि कोरडी, अंधारी, मेणाच्या वासानें भरलेली पेटी त्यास आयतीच मिळते.

यांत नुकसान किती होतें याचा अंदाज पुष्कळांस नसतो. मध काढलेलें पोळें चौकटीसह जपून ठेविलें, तर पुढील हंगामीं माशीस तें नव्यानें बांधावें लागत नाहीं. एक किलो मेण घडविण्यास माशी कित्येक किलो मध खर्च करिते; म्हणून बांधलेलें पोळें हें मधपाळाचें भांडवलच होय. उंदीर त्यांतील पराग व उरलेला मध खातो, पोळें कुरतडून जागा करितो आणि तेथें चिंध्या व गवत आणून घरटें घालितो. त्याच्या मूत्राचा दर्प लागलेलें पोळें माशी सहसा पत्करीत नाहीं.

तेव्हां दर आठवड्यास एकदां खोली पाहावी. दार उघडतांच प्रथम नाकाचा उपयोग करावा. बंद खोलींत उंदराचा उग्र वास लपत नाहीं. चिचुंद्रीचा वास निराळा, कस्तुरीसारखा असतो. ती किडे खाऊन राहणारी आहे. पोळें कुरतडल्याचा आळ तिच्यावर घेणें न्याय्य नव्हे.

त्यानंतर विजेरी घेऊन भिंतीच्या कडेनें व पेट्यांच्या तळाशीं लेंड्या शोधाव्या. घरांतील लहान उंदराच्या लेंड्या ३ ते ६ मिलिमीटर लांब व टोकांस निमुळत्या असतात. मोठ्या उंदराच्या सुमारें १२ मिलिमीटर, व घुशीच्या त्याहूनहि मोठ्या. एकच लहान उंदीर दिवसास पन्नासांवर लेंड्या टाकितो, म्हणून मूठभर दिसल्यानें खोली उंदरांनीं भरली असें समजूं नये. ताजी लेंडी काळी, ओलसर व चकचकीत असते. जुनी करडी पडते व काडीनें दाबतांच चुरा होते. जागा स्वच्छ करून दोन दिवसांनीं पुन्हां पाहणें ही सर्वांत खात्रीची परीक्षा होय.

येथें एक घोटाळा नेहमीं होतो. मेणकिड्याच्या अळीची विष्ठाहि काळी व दाणेदार असते आणि तीहि पेटीच्या तळाशींच सांचते. परंतु ती फार बारीक असून रेशमासारख्या जाळ्यांत गुंतलेली असते. उंदराची लेंडी सुटी पडते, व मोडून पाहिल्यास तींत पुष्कळदां केस आढळतात. मेणकिडा पोळ्याच्या आंतून जाळीदार भुयारें काढीत जातो. उंदीर तें मोठमोठ्या लचक्यांनीं खातो, खालीं मेणाचा भरड चुरा पडतो व चौकटीच्या लांकडावर दांतांच्या जोडखुणा उमटतात. हा भेद न जाणतां कित्येकजण मेणकिड्यासाठीं गंधकाची धुरी देऊन निश्चिंत होतात, आणि धुरी निवळतांच उंदीर पुन्हां पेटींत शिरतो.

संशय राहिल्यास पत्र्याच्या तुकड्यावर चाळलेली राख पसरून भिंतीलगत रात्रभर ठेवावी. पीठ वापरूं नये. तें म्हणजे पाहुण्यास जेवण वाढणेंच होय. पुढच्या पावलास चार व मागच्यास पांच बोटें उमटतात, आणि मध्यें कधीं कधीं शेपटीची रेघहि दिसते. तुळईवरील काळपट, तेलकट पट्टे हे मोठ्या उंदराच्या रोजच्या वाटेचे होत. मांजर पाळलें आहे एवढ्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनीं हे पट्टे अवश्य पाहावे.

फटींविषयीं इतकेंच सांगतों कीं, जींतून शिसपेन्सिल जाते तींतून लहान उंदीरहि जातो. पेटीचें माशांचें दार त्यास पुरतें. तें बारीक तारेच्या जाळीनें बंद करावें.

खुणा सांपडल्यावर केरसुणीनें कोरडें झाडूं नये. उंदराच्या मूत्रानें लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरतो; २००५ सालच्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईंत त्याची मोठी सांथ आली होती, व कोंकणांत पावसाळ्यांत तो आजहि आढळतो. हातमोजे घालावे, जागा जंतुनाशकानें भिजवून पुसून घ्यावी, पेट्या धुवून कडक उन्हांत वाळवाव्या. घाण झालेलें पोळें परत पेटींत घालूं नये. मध खाण्याचा पदार्थ आहे. त्याच्या भांड्यांच्या खोलींत विषारी आमिष ठेवणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. सापळा बरा, आणि तो खोलीच्या मध्यभागीं न मांडतां, राखेंत जेथें पावलें दिसलीं तेथेंच, तोंड भिंतीकडे करून मांडावा.