गप्पीच्या हौदात कोणते शेवाळ ठेवाल?

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गोठ्याजवळच्या हौदात आपण गप्पी मासे सोडतो आणि काम झाले समजतो. गप्पीची मादी अंडी घालत नाही, महिन्या-महिन्याने जिवंत पिले देते. अन् मोठे मासेच ती गट्ट करतात! पिलांना लपायला बारीक पानांचे शेवाळ हवे. हायड्रिला चालते. सेरॅटोफायलम त्याहून सोपे, त्याला मुळेच नसतात. चार काड्या पाण्यात टाकल्या की झाले.

जलपर्णी मात्र फुले छान दिसतात म्हणून आणू नका. ती हौद झाकते, अळ्या तिच्या मुळांत दडतात, माशांना सापडत नाहीत. हायड्रिलाही माजते. रात्री शेवाळही पाण्यातला प्राणवायू घेते, अन् शहादा-तळोद्याच्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी. तेव्हा जादा शेवाळ उपसून उकिरड्यावर टाकावे.

उसावर ॲट्राझीन मारले असेल तर त्या चारीतले शेवाळ आणू नये, फवारणीचा पंपही हौदात धुऊ नये. आणि वाढलेले मासे गोमाईत सोडू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आपल्या नदीतल्या देशी माशांच्या वाट्याला तो जातो.