पिवळ्या रंगाखालून जुनं नाव दिसतंय? पाटी रंगवण्याआधी हे वाचा

बिडकीन : पाटी नव्याने रंगवायची कारणं सध्या दुकानदारांकडे भरपूर आहेत. २०२३ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, त्यामुळे पत्त्याची ओळ बदलावी लागते. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. पण जुन्या पत्र्यावर झळझळीत पिवळा किंवा लाल मारला की खालची काळी अक्षरं दिसतातच. तिसरा हात, चौथा हात देऊन डबा संपतो, तरी अक्षरं जात नाहीत. दरवेळी यात पेंटरची चूक असतेच असं नाही.

रंग झाकत का नाही?

पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी असते. ती उजेड परत फेकते, म्हणून खालचं झाकलं जातं. काळा रंग उजेड गिळतो, तोही झाकतो. आजच्या बऱ्याच झळझळीत पिवळ्या, नारंगी आणि लाल रंगांचं तसं नाही. पतंगाच्या कागदासारखा त्यांच्यातून उजेड आरपार जातो.

'पूर्वीचा पिवळा एका हातात झाकायचा,' असं जुने पेंटर सांगतात. त्याचं एक कारण शिसं. लेड क्रोमेट घातलेला पिवळा चांगला झाकायचा, पण शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. म्हणून १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त ठेवता येत नाही. डब्यावर ते लिहिलेलं असतं, घेताना वाचून घ्या.

काम कसं करायचं?

१. जुनी पाटी कोरडी घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ नाकातोंडात जाते. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, तोंडाला मास्क बांधा, पोरांना लांब ठेवा. अक्षरांच्या कडा हाताला लागणार नाहीत इतपत घासा, नाहीतर रंग झाकूनही उंचवटा दिसतो.

२. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. लोखंड उघडं पडलं असेल तिथे रेड ऑक्साइड प्राइमर लावा. पत्रा नवा जस्ती असेल तर जस्ती पत्र्यासाठीचाच प्राइमर मागा. त्यावर थेट ऑइल पेंट मारला तर पुढे पोपडे निघतात.

३. आता महत्त्वाचं काम. पिवळ्याखाली पांढऱ्याचे दोन हात द्या. जुनी अक्षरं पांढऱ्यातच गायब झाली पाहिजेत. लाल मारायचा असेल तर पांढऱ्यात थोडा लाल मिसळून गुलाबी अस्तर द्या. रेड ऑक्साइडवर थेट पिवळा मारला तर तो मळकट दिसतो.

४. डबा तळापासून ढवळा, कारण भुकटी खाली बसलेली असते. टर्पेंटाइन डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. रंग जास्त पातळ केला की डबा पुरतो, पण झाकत नाही.

५. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात बरे. मधे डब्यावर दिलेला वेळ जाऊ द्या. ऑइल पेंट असेल तर रात्रभर ठेवा.

६. दुपारी तापलेल्या पत्र्यावर ब्रश ओढला जातो आणि पट्टे उमटतात. सकाळी दव वाळल्यावर काम सुरू करा.

पिवळ्यात चमचाभर पांढरा मिसळला तरी तो जास्त झाकतो, पण झळाळी कमी होते.

आधी कागदावर बघा

छापील वर्तमानपत्रावर आधी एक हात मारा आणि वाळू द्या. खालच्या बातमीचा मथळा वाचता आला, तर पत्र्यावरचं जुनं नावही वाचता येणार. मग महागड्या पिवळ्याचा दुसरा डबा आणण्याऐवजी पांढऱ्याचा लहान डबा आणा.