दारू सुटते, दुखणं उरतं

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा ते पाहायला गडकरी हयात नव्हते. गेली शंभर वर्षं आपण या नाटकाकडे दारूचे दुष्परिणाम दाखवणारं नाटक म्हणून पाहत आलो. दुष्परिणाम त्यात आहेतच. पण नायक सुधाकराच्या हातात पहिला प्याला कधी येतो, ते नीट पाहायला हवं. हा हुशार, मानी वकील भर कोर्टात अपमानित होतो, त्याची सनद काही काळासाठी जाते. संतापाने आणि शरमेने तो आतून जळत असताना दारुडा तळीराम त्याला विसर पाडणारं औषध सुचवतो. पुढे तोच सुधाकर दारू सोडायचं ठरवतो, काम मागायला जुन्या ओळखीच्यांकडे जातो, तिथेही त्याची मानहानी होते आणि तो पुन्हा पितो. ज्याला आज व्यसनमुक्ती केंद्रात रिलॅप्स म्हणतात, तो गडकऱ्यांनी तेव्हाच लिहून ठेवला. दोन्ही वेळा कारण एकच, न पचलेला अपमान.

मानसशास्त्राला इथवर यायला बराच वेळ लागला. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खँट्झियन यांनी १९८५ मध्ये मांडलं की माणूस नशेकडे मजेपेक्षा आपल्या असह्य भावनांवरचा घरगुती उतारा म्हणून वळतो. नंतर कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईवरचा हिंसाचार, घरातलं व्यसन. १९९८ मध्ये पहिले निष्कर्ष आले. असे चार किंवा अधिक अनुभव ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात मद्यपाश, अमली पदार्थ, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट होता. दारुड्या बापाचा मार खाल्लेला मुलगा ‘मी कधी पिणार नाही’ अशी शपथ घेतो आणि पंचविशीत प्यायला लागतो, हे आपण गल्लोगल्ली पाहिलं आहे.

परिस्थिती बदलली की काय होतं, याचा मोठा दाखला व्हिएतनाम युद्धातला आहे. तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास २० टक्के जण हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला, तर त्या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले सुमारे ५ टक्केच निघाले. भीती गेली, घर मिळालं, बहुतेकांची गरज संपली.

अर्थात प्रत्येक व्यसनामागे जखम शोधत बसणंही चूक आहे. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, सुखाच्या घरातली मुलंही अडकतात, आणि काही वर्षांनी नशा मेंदूत स्वतःचीच मागणी तयार करते. तरीही सोडल्यानंतर टिकायचं कसं, हा प्रश्न आला की भावनांपाशी यावंच लागतं.

याबाबतीत मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो बिल विल्सन. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात काम करणाऱ्या या माणसाने शेवटचा पेला १९३४ च्या डिसेंबरात घेतला आणि पुढच्या वर्षी ॲक्रन गावात डॉ. बॉब स्मिथ यांच्यासह अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं. जगभर लोक त्याच्यामुळे सोबर राहू लागले. तो स्वतः मात्र १९४४ पासून कितीतरी वर्षं खोल नैराश्यात होता. एक थेंबही न पिता! १९५८ च्या जानेवारीत संघटनेच्या मासिकात त्याने हे उघड लिहिलं. दारू सुटली तरी आपण माणसांवर, कौतुकावर, मनासारखी परिस्थिती मिळण्यावर पूर्ण विसंबून होतो आणि ते मिळालं नाही की कोसळत होतो, असं त्याचं निदान होतं. पुढचा टप्पा त्याने भावनिक सोबरायटीचा मानला. हजारोंनी आदर्श मानलेल्या माणसाने असं कबूल करायला फार मोठं धैर्य लागतं.

आपल्याकडे पुण्यात व्यसनमुक्तीचं असं काम उभं राहिलं. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. त्याच्या केंद्रस्थानी होत्या डॉ. अनिता अवचट. तिथले उपचार ३५ दिवसांचे. पहिले दिवस शरीरासाठी. हे वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावं, कारण रोज खूप पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्यानंतर समुपदेशन, गट, योग, आणि स्वतः त्यातून बाहेर आलेल्या कार्यकर्त्यांची सोबत.

‘टेन्शन आलं म्हणून प्यायलो’ हे वाक्य अशा प्रत्येक केंद्रात ऐकू येतं. समुपदेशक तिथे अडून बसतो. कसलं टेन्शन? भावाने जमीन लाटली त्याचा राग, की बायको जास्त कमावते त्याची लाज, की घरात आपल्याशी कुणी बोलत नाही ते एकटेपण? ज्या पुरुषाला लहानपणापासून ‘पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय’ हेच ऐकवलं गेलं, त्याला पन्नाशीत हे वेगळं करून सांगता येत नाही. रडायला आणि माफी मागायला त्याला दोन पेग लागतात. ते काढून घेतले की तो गप्प होतो, चिडचिडा होतो. असा माणूस पीत नसला तरी सुटलेला नसतो. ड्राय ड्रंक म्हणतात तो हाच. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मराठी वाचकांपर्यंत नेलेली, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत इथे फार उपयोगी पडते. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट किती छळतो, हे ती माणसाला स्वतःलाच तपासायला लावते.

बाईचं व्यसन याहून लपलेलं असतं. तिच्या वाट्याला लाज दुप्पट येते आणि उपचार उशिरा.

मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांच्या अभ्यासात रिलॅप्सची प्रमुख कारणं तीन निघाली: वाईट मनःस्थिती, माणसांशी भांडण आणि मित्रांचा आग्रह. एक स्लिप झाली, म्हणजे एकदा प्यायलं गेलं, की ‘आता सगळं संपलं’ असं वाटतं आणि त्या अपराधभावातच माणूस वाहून जातो, हेही त्यांनीच दाखवलं. म्हणून स्लिप झाल्यावर लगेच फॉलोअपला येणारा माणूस हरलेला नसतो, आणि घरच्यांनी त्याला तसं वागवूही नये.

घरच्यांची जखम वेगळीच असते. वर्षानुवर्षं खिसे तपासणारी, पगाराच्या दिवशी दारात उभी राहणारी बायको नवरा सुधारल्यावर एकदम निर्धास्त होऊ शकत नाही. तिचा संशय हा तिचा स्वभाव नव्हे, तो आजाराचाच भाग आहे. मुक्तांगणमधला ‘सहचरी’ गट अशा बायकांसाठी आहे, आणि अल-अॅनॉनच्या बैठका सगळ्याच घरच्यांसाठी. तिथे जाणाऱ्या बाईला ‘पितो तो, मी कशाला जाऊ?’ हा प्रश्न काही दिवसांत पडेनासा होतो.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार आपल्या देशात दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ माणसांपैकी एकालाच कसलेही उपचार मिळतात. उरलेले ३७ आपल्याच घरात, चाळीत, ऑफिसात आहेत. अशा माणसाला तुम्ही ओळखत असाल, तर तो शुद्धीत असताना त्याच्याशी बोला, काय दुखतंय ते विचारा आणि व्यसनमुक्तीच्या मोफत राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४४४६ हा क्रमांक त्याला लावून द्या.